आईची तिथी

मुंबई, ता. ६ जानेवारी १९२९

तीर्थस्वरूप काशीरामतात्या यांस,
बालके महिपतचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

मी तुमच्या शेजारच्या घरातला, कै. रामजी मांडवकरांचा मुलगा. तीन वर्षांचा असताना भागोजीकाकानं मला मुंबईला आणलं आणि वाढवलं. काका वारल्याला तीन वर्षं झाली. मी गिरगावात एका छापखान्यात खिळे जुळवतो. रोज दुसऱ्यांची पुस्तकं जुळवतो, तेव्हा म्हटलं, एक आपलंही जुळवावं. आपल्या घराण्याची हकिकत, चोवीस पानांची. छापखान्याच्या मालकांनी सुट्टीच्या दिवशी मशीन वापरायची परवानगी दिली आहे.

गावी चार जणांना पत्रं टाकली. एकानं उत्तर दिलं नाही, दुसऱ्यानं तपकीर पाठव म्हणून कळवलं, उरलेले दोघे माझं पत्र घेऊन एकमेकांकडे फिरताहेत असं कळतं. आपल्या लोकांना आजोबाचं नाव विचारलं की जणू जमीन मागितली! तुम्ही शाळेवर तीस वर्षं मास्तरकी केलीत, पाटलाचं दप्तरही तुम्हीच लिहीत होता. म्हणून सगळा भार तुमच्यावर टाकतो. तीन गोष्टी हव्यात.

वाडीत पहिलं घर कुणी बांधलं? पाटलाच्या जन्ममृत्यूच्या वहीत आपल्या घरच्या काय नोंदी आहेत? आणि तिसरी गोष्ट माझ्या स्वतःपुरती आहे. माझी आई सोनूबाई कोणत्या तिथीला वारली? वडिलांची तिथी काकांनी सांगितली होती. आईची विचारली की म्हणत, "सर्वपित्रीला घाल, चालतं." सोळाव्या वर्षापासून पंधरा वर्षं मी सर्वपित्रीलाच तिचं पान वाढतो. ज्यांची तिथी कुणालाच ठाऊक नाही त्यांचा तो दिवस. माझी आई काही वाटेवर मेलेली परकी बाई नव्हती. तिची तिथी कुणाला तरी ठाऊक असणारच.

कळावे, लोभ असावा.
महिपत


कोंडवाडी, ता. २ फेब्रुवारी १९२९

चिरंजीव महिपत यास काशीरामचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. अक्षर वळणदार आहे. विरामचिन्हे जागच्या जागी पाहून बरे वाटले, इथल्या पोरांना तीस वर्षांत ती शिकवता आली नाहीत.

पहिले घर तुझ्या पणजोबांनी बांधले. जांभ्याचा कातळ फोडून विहीर काढली ती त्यांनीच. ते किल्लेदार होते, सरदार होते, असले काही लिहू नकोस. हल्ली मुंबईतून जो तो तलवारी घेऊनच येतो! गेल्या शिमग्याला एक जण पालखीपुढे उभा राहून आपला पूर्वज हत्तीवरून आला म्हणाला. या वाडीच्या घाटीत बैल चढवताना तोंडाला फेस येतो, हत्ती कुठला? तुझे पणजोबा नांगर धरणारे होते आणि चांगला धरीत. तेवढे लिही.

पाटलाच्या वहीला वाळवी लागली आहे. पूर्वजांची नावे हवीत तर नाशिकला जा. तिथल्या तीर्थोपाध्यांच्या वहीत गावोगावच्या यात्रेकरूंची घराणी लिहिलेली असतात. भागोजी शके १८३० मध्ये जाऊन आला होता. मजपेक्षा ती वही जास्त सांगेल.

थंडी बेताची. आंब्याला मोहोर आहे, पण तुडतुडा पडला आहे.

काशीराम


मुंबई, ता. २० फेब्रुवारी १९२९

ती. काशीरामतात्या यांस सा. नमस्कार.

पणजोबांचं कळलं, विहिरीचं कळलं, हत्तीचं कळलं, तुडतुड्याचंही कळलं. आईच्या तिथीबद्दल एक अक्षर नाही.

तुम्ही मास्तर आहात. पोरानं तीन प्रश्नांतला एक सोडला तर तुम्ही काय करीत होता ते गावात अजून लोक सांगतात. वाळवीनं नेमकी माझ्या आईची ओळ खाल्ली असं समजू का? वही खाल्ली असली तरी माणसं आहेत. ती गेली तेव्हा तुम्ही वीस-बावीस वर्षांचे होता, भिंतीला भिंत लागून राहत होता. शेजारची बाई मेली तर कोणता महिना होता, पाऊस होता की ऊन, लाकडं ओली होती की सुकी, एवढं तरी माणसाला आठवतं.

पहिला फर्मा जुळवून ठेवला आहे. "कै. सोनूबाई, भ्रतार रामजी, मृत्यू" असं जुळवून पुढे जागा मोकळी ठेवली आहे. ती मोकळी जागा मी रोज पाहतो आणि रोज माझं डोकं फिरतं.

महिपत


कोंडवाडी, ता. १५ मार्च १९२९

चि. महिपत यास आशीर्वाद.

वडील माणसाला असे लिहितात हे मुंबईत शिकवतात काय? ते साल प्लेगाचे होते. त्या साली कोण केव्हा गेले याची नोंद ठेवायला कुणाचे हात मोकळे नव्हते. सर्वपित्रीला पान वाढतोस ना? मग झाले. शास्त्राला ते चालते, भागोजीला चालले, तुलाच कसे चालत नाही?

ती जागा मोकळी ठेव, नाहीतर ओळच काढून टाक. कुठल्याही घराण्याच्या हकिकतीत बायकांच्या तिथ्या नसतात. पुन्हा हा विषय काढलास तर मी उत्तर देणार नाही.

काशीराम


मुंबई, ता. २८ एप्रिल १९२९

काशीराम मास्तर यांस,

तीर्थस्वरूप लिहायला हात धजत नाही. कारण पुढे वाचा.

मी नाशिकला गेलो. तुम्हीच सांगितलंत म्हणून गेलो. मला टाळायला तुम्ही जे बोट दाखवलंत त्याच बोटाच्या रोखानं मी गेलो. उपाध्यांनी वही काढली, गाव सांगितल्यावर पान सापडायला घटकाभरही लागली नाही. काकाची नोंद जशी आहे तशी उतरवून आणली आहे.

"शके १८३०. भागोजी वल्द सखाराम मांडवकर, मौजे कोंडवाडी, संगमेश्वर. वडील सखाराम, आई यमुना, भाऊ रामजी यांस पिंड दिले. घरात हयात: बायको गोदा, पुतण्या महिपत. भावजय सोनू, हयात."

शके १८३० म्हणजे १९०८ साल. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो आणि माझी आई सात वर्षांपूर्वी प्लेगानं गेली असं मला रोज सांगितलं जात होतं. मी उपाध्यांना म्हटलं, नोंद चुकली असेल. ते म्हणाले, "आम्ही यजमान सांगतो तसं लिहितो. जित्या माणसाचा पिंड इथे गंगेवर कोणी देत नाही, पाप लागतं."

समजलं, मास्तर? काका गंगेला भ्याला. जित्या भावजयीचा पिंड द्यायला त्याचा हात उचलला नाही. पण घरी आल्यावर सहा वर्षांनी त्यानं माझ्या हातात पळी दिली आणि म्हणाला, आता तू मोठा झालास, आईचं पान तू वाढ. जे पाप त्याला नको होतं ते त्यानं मला दिलं. मी ते पंधरा वर्षं आंघोळ करून, सोवळं नेसून, भक्तिभावानं केलं. खीर केली, वडे केले. कावळा लवकर आला नाही तर मी गच्चीवर रडलो आहे. बायकोला म्हणत असे, आई रुसली आहे.

परतल्यावर मी गप्प बसलो नाही. गोदीत खाडीकाठचा अली म्हणून खलाशी आहे, त्याचे वडील आपल्या खाडीवर माणसं पार नेणारी तर चालवीत. या महिन्यात तो घरी जाऊन आला. त्याला मी म्हटलं होतं, तुझ्या आईला माझ्या आईचं काही आठवतं का विचार. त्याची आई हफीजाबी आता सत्तरीची आहे. ती त्याला म्हणाली, "ती बाई मेली कधी? आमच्या तरीवर तिच्या कडेवरचं पोर तिच्या दिरानं ओढून नेलं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तिनं त्याच्या मनगटाला असा चावा घेतला की रक्त थांबेना. मीच हळद दाबली. मग ती एकटी तरीत बसली नि हेदवीला गेली."

काकाच्या उजव्या मनगटावर खूण होती. मला सांगायचा, वानर चावलं.

मास्तर, त्या खुणेशी मी लहानपणी बोट लावून खेळत असे. आता सगळं लिहा. काही ठेवू नका.

महिपत रामजी


कोंडवाडी, ता. २० मे १९२९

चि. महिपत यास,

आशीर्वाद लिहीत नाही. तुला तो नको असेल.

तुझे वडील मुंबईत वारले तेव्हा तू वर्षाचा होतास. सोनूवहिनीने दोन वर्षे काढली. मग हेदवीच्या विठू नावाच्या माणसाशी पाट लावायचे, म्हणजे दुसरे लग्न करायचे, ठरवले. आपल्यात पाट चालत आला आहे, त्यात लाज नव्हती. पण भागोजी मुंबईहून नवी टूम घेऊन आला होता. तिकडे कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवले की जी घराणी वर चढायची ती पाट लावत नाहीत. वाडी पंचायतीला बसली. ठरले की जायचे तर पोर ठेवून जा, पोर मांडवकरांचे. ती म्हणाली, "पोर माझ्या पोटचं हाय, मी घेऊन जाणार." आणि ती तुला घेऊन निघाली. सकाळची वेळ होती, आम्ही लावणीच्या चिखलात उभे होतो. भागोजी मागून धावला. पुढचे हफीजाबीने सांगितलेच आहे.

तो तुला घेऊन परतला तेव्हा हाताला फडके बांधले होते. त्याने सगळ्या वाडीला नदीवर नेले आणि तिच्या नावाने आंघोळ करायला लावली. आपल्यात टाकलेल्या माणसाच्या नावाने अशी आंघोळ करतात हे तुला मुंबईत राहून ठाऊक नसेल. आंघोळ झाली की ते माणूस मेले. त्याचे नाव घ्यायचे नाही, त्याच्या घरचे पाणी प्यायचे नाही. मग ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून आम्हा सर्वांकडून वदवून घेतले की पोराला काही सांगणार नाही. मीही बुडी मारली आणि नारळाला हात लावला. तुला आम्ही खोटे सांगितले असे कुणालाच वाटले नाही. आमच्या लेखी ती मेलीच होती, तिच्या नावाची आंघोळ झाली होती.

तू विचारशील, भागोजी मेल्यावर तरी का बोलला नाहीत? कारण मी स्वतःचेही एक लपवीत होतो. तुझे लग्न झाले त्या साली ती खाडी ओलांडून माझ्या शाळेत आली. सुनेसाठी खण आणि नारळ आणला होता. मी तो मुंबईला भागोजीच्या हाती दिला. त्याने परत केला. मी परतल्यावर तिने विचारले, "कुणी परत दिला?" मला भागोजीचे नाव घेता आले असते. ती मुंबईला जाऊन त्याचे दार ठोकेल, वाडीत तमाशा होईल आणि मी शपथ मोडली हे उघड होईल, याची भीती वाटली. मी म्हणालो, "मुलानेच परत दिला."

तिने खण घडी घालून पदरात घेतला आणि गेली. दहा वर्षे झाली. ती हयात आहे. विठू वारला, ती मुलीकडे असते.

काशीराम


मुंबई, ता. ३० मे १९२९

मास्तर,

तुमचं पत्र बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तो खण माझा होता."

छापखान्यात गेलो आणि जुळवलेल्या फर्म्यातून "कै." चे खिळे चिमट्यानं उपटून काढले. "मृत्यू" काढलं. मालक ओरडले, मधेच फर्मा का मोडतोस? मी म्हटलं, माझी आई जिवंत आहे. ते माझ्याकडे बघत राहिले. पंधरा वर्षं ज्या माणसानं सर्वपित्रीची सुट्टी मागितली तो असं बोलतो म्हटल्यावर बघणारच.

काकावर रागवायला काका उरला नाही. तो खुशाल मेला, मीच त्याला अग्नी दिला, ढसढसा रडलो. त्याच्या वाटणीचाही राग आता तुम्हीच घ्या. तो माणूस दुष्ट होता, निदान त्यानं चावा तरी खाल्ला. तुम्ही शेजारी होता, लिहिते-वाचते होता आणि तुम्हाला काहीच झालं नाही. एका नारळाला भिऊन तुम्ही नदीवर माझी आई मारलीत नि शाळेच्या ओट्यावर तिचा मुलगा.

आगबोटी बंद व्हायला आठवडा आहे. मनात आणलं तर मी जयगडला उतरून हेदवीला पोचेन. पण मी येणार नाही. जिला पंधरा वर्षं पिंड दिले तिच्या दारात कुठल्या तोंडानं उभा राहू? आणि तिच्या लेखी मी तिचा खण परत करणारा मुलगा आहे. आधी तुम्ही जा. पत्र पाठवू नका, निरोप पाठवू नका, स्वतःच्या पायांनी जा. तिच्यासमोर उभे राहून सांगा की खण मुलानं परत केला नाही. ती काय म्हणते ते लिहून पाठवा. त्याआधी मला काही लिहू नका.

महिपत


मुंबई, ता. ११ ऑगस्ट १९२९ (कार्ड)

मास्तर, अडीच महिने झाले. गेलात की नाही?

महिपत


हेदवी, ता. १४ सप्टेंबर १९२९

चि. महिपत यास,

काल इथे आलो. तिला सर्व सांगितले. तिने मला घरात घेतले नाही, अजून पडवीत बसलो आहे. मालन, तिची मुलगी, थोडे लिहिते, पण तिने मुलीला लिहू दिले नाही. म्हणाली, "तूच लिव. माझं तोंड तू बंद केलंस, आता तूच उघड. नि एक अक्षर बदललंस तर मालन वाचून सांगेल." म्हणून खाली ती बोलते तसेच लिहितो.

महिपत,

मी तुजी आवस सोनू बोलतंय. ह्यो मास्तर सगळा पावसाळा घरात बसून ऱ्हायला नि आता तोंड घेऊन आलाय. म्हणतो, नदीला पूर होता. मी म्हटलं, त्या दिवशी तरीवर माज्या पोराला ओढून नेला तवा पूर न्हवता काय? तवा बरे सगळे धावलात!

खण तू परत दिला न्हायस ता कळलं. धा वर्सं मी तुला शिव्या घातल्या. रोज दिवा लावताना घातल्या. मालनला इचार. त्या सगळ्या आता ह्या मास्तरच्या नावावर लिव, म्हणजे जागच्या जागी जातील.

पण तुजी बी चूक हाय, ती मी सोडणार न्हाय. पंधरा वर्सं मला जेवायला घातलंस म्हणतोस. एकदा तरी इचारलंस, माझी आवस कुठं जाळली? कुणी खांदा दिला? मेल्या माणसाची जागा असते रे. तुला तिथी पायजे होती, जागा नको होती? ती इचारली असतीस तर ह्यांच्यातला एक जण तरी अडखळला असता. हफीजा खाडीवरच बसलेली व्हती. तिला इचारायला तुला अठ्ठावीस वर्सं लागली.

चोपडीत माजं नाव घालतोस म्हणतोय ह्यो. घाल. "सोनू, पाट लावून हेदवीला गेली," असं मोठ्या अक्षरात घाल. त्या नाशिकच्या वहीत तुज्या काकानं मला जिती लिवली ता बरं केलं. तेवढं एकच खरं तो बोलला, नि ता सुदीक गंगेच्या भ्यानं.

तू लिवलंस, कुठल्या तोंडानं येऊ. तोंड काय बघायचं हाय? ता मी तीन वर्सांचं बघितलंय, आता कसं झालंय ता मला म्हायत न्हाय. दाढी हाय काय तुला? बापाशीसारखा डावा खांदा पाडून चालतोस काय?

नि मला एक सांग. काय वाढायचास? मास्तर म्हणतो, खीर, वडे. मला खीर कधी आवडली न्हाय. तुज्या बापाशीला आवडायची. मला कुळथाची पिठी नि तांदळाची भाकरी आवडते, वर सुक्या सुंगटांची चटणी. मासळी सराधात चालत न्हाय, म्हणून तू वाढली नसतीस. पंधरा वर्सं तू माज्या नावानं कावळ्यांना माजं न आवडतं जेवण घातलंस.

सर्वपित्री आता पंधरा दिसांवर आलीय. आगबोटी चालू झाल्या. सुनेला घेऊन ये, खण अजून घडीतच हाय. त्या दिवशी बापाशीचं पान तू नेमानं वाढ, त्याला खीर घाल. मग दुसरं पान मांड, पाटावर, माज्यासमोर. कावळ्याला हाक मारायची न्हाय. हात धुऊन मी बसेन नि तू वाढ. पोट भरलं की मग मी तुला काय बोलायचं ता बोलेन. ता ऐकल्याबगर जायचं न्हाय.

मास्तर, पुरं. माजं नाव घाल खाली. "कै." नको.

सोनूबाई